चाकाची पाठ आधी पाहा



मी रायपूरहून बोलतोय. फौजेत माझी नोकरी ईएमईमध्ये झाली. इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, म्हणजे फौजेच्या गाड्या, तोफा, यंत्रं चालू ठेवणारी कोअर. सिकंदराबादच्या कॉलेजात शिकलो आणि पुढे सगळी वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. निवृत्त होऊन इथे आलो, तरी गाडी दिसली की हात आपोआप चाकाकडे जातो.

आजचा विषय लहान वाटेल. जुनी अलॉय व्हील्स, म्हणजे कुणीतरी हौसेने बाहेरून बसवलेली आणि नंतर काढून विकायला ठेवलेली चाकं, विकत घेण्याआधी कशी तपासायची. आमच्याकडे तात्यापाऱ्यात काय किंवा चौबे कॉलनीत काय, घराघरात एक तरी मुलगा आहे ज्याला आपल्या गाडीला अलॉय हवीत. नवा संच महाग पडतो. मग जुन्या बाजाराकडे पावलं वळतात. मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड माहीत आहे, पुणेकरांना जुना बाजार. प्रत्येक शहरात अशी एखादी गल्ली असते. जुनं घेण्यात वाईट काही नाही. मी स्वतः घेतलेलं आहे, आणि फसलोही आहे. तिथूनच सुरुवात करतो.

माझी लेक भिलाईला नोकरीला जाते. रोज रायपूर ते भिलाई, खारून नदीचा पूल ओलांडून, कुम्हारीवरून. तिच्याकडे मारुती स्विफ्ट आहे. नातवाची शाळाही तिकडेच, त्यामुळे तोही मागच्या सीटवर असतो. तिच्या वाढदिवसाला अलॉय द्यायची असं मी ठरवलं. एका विक्रेत्याकडे चार चाकांचा संच मिळाला, टायरसकट. काळा चकचकीत रंग. तो म्हणाला, "साहब, एकदम फ्रेश है, शोरूम कंडिशन." मी चारही चाकं समोरून पाहिली, बोटाने वाजवली, टायरची नक्षी पाहिली, पैसे दिले. तीस वर्षं गाड्या तपासणारा माणूस मी, आणि टायर उतरवून मागची बाजू बघायचा कंटाळा केला. दुकानात गर्दी होती, उकाडा होता, एवढंच कारण.

तीन आठवड्यांनी लेक म्हणाली, "बाबा, डाव्या पुढच्या चाकाची हवा कमी होतेय." पंक्चरवाल्याने पाहिलं, खिळा नाही. व्हॉल्व्ह बदलला. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या पंक्चरवाल्यानेही खिळा नाही म्हणून परत पाठवलं. तिसरा म्हातारा कारागीर होता. त्याने अख्खं चाक पाण्याच्या टाक्यात बुडवलं आणि मला हाक मारली. बुडबुडे टायरमधून येत नव्हते, रिमच्या धातूतून येत होते. टायर उतरवला. आतल्या कडेला सुमारे दोन इंचांचा तडा. त्या तड्यावर कधीतरी वेल्डिंग केलेलं, घासून सपाट केलेलं, वर रंग मारलेला. वेल्डिंगच्या बाजूने धातू पुन्हा फाटत चालला होता.

त्या चाकावर माझी लेक आणि नातू तीन आठवडे, रोज दोन वेळा, ट्रकांच्या मधून जात होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून आज जे सांगतोय ते शहाणपण म्हणून ऐकू नका. चूक केलेल्या माणसाचा अहवाल म्हणून ऐका.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. पोलादी चाक आणि अलॉय चाक खड्ड्यात आपटल्यावर वेगवेगळं वागतात. पोलादी चाक बहुधा वाकतं. अलॉय ठरावीक मर्यादेपर्यंत वाकतं आणि मग तडकतं. गाड्यांची बहुतेक अलॉय चाकं ओतीव असतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घातलेला मिश्रधातू त्यासाठी वापरतात, कारखान्यात त्याला ए३५६ म्हणतात. ओतल्यावर ते चाक पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतात, पाण्यात थंड करतात, मग दीडशेच्या आसपासच्या उष्णतेत काही तास ठेवतात. त्याची ताकद या उष्णता-उपचारात असते. आता कुणी गॅसच्या बत्तीने ते तापवून ठोकून सरळ केलं किंवा तड्यावर वेल्डिंग केलं, तर तेवढ्या भागातला उपचार बिघडतो. रंग मारल्यावर चाक पुन्हा नव्यासारखं दिसतं. ताकद मात्र परत येत नाही.

आता कामाकडे. दुकानात जाण्याआधी घरी चार आकडे लिहून घ्या.

पहिला, चाकाचा व्यास आणि रुंदी. चाकाच्या पाठीवर १५×६ जे असं काही कोरलेलं असतं. म्हणजे व्यास १५ इंच आणि रुंदी ६ इंच.

दुसरा, पीसीडी. नट बसतात त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी यांना ४×१००, म्हणजे चार भोकं आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ. क्रेटाला ५×११४.३. बाजारात ४×९८ ची चाकंही येतात. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही आणि विक्रेता म्हणतो, "बैठ जाएगा." जोर लावून ते बसतंही. पण नट तिरका बसतो, स्टडवर सतत ताण राहतो आणि कधीतरी नट ढिला होतो. अशा चाकाला हात लावू नका.

तिसरा, मधल्या भोकाचा व्यास. मारुतीच्या ४×१०० च्या गाड्यांत तो ५४.१ मिलिमीटर. आफ्टरमार्केट चाकाचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालतं. मधली फट भरायला रिंग मिळते. ती बरोबर मापाची घ्या, नाहीतर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही उगाच बॅलन्सिंग करत बसाल. चाकाचं भोक गाडीच्या हबपेक्षा लहान असेल आणि विक्रेता लेथवर मोठं करून देतो म्हणाला, तर नमस्कार करून निघा.

चौथा, ऑफसेट. चाकावर ईटी ४५ असं लिहिलेलं असतं. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते यातून कळतं. आकडा मूळ चाकापेक्षा बराच कमी असेल तर चाक बाहेर येतं, वळणावर मडगार्डला घासतं, बेअरिंगवर भार वाढतो. जास्त असेल तर आत सस्पेन्शनला लागतं. मी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक घेत नाही.

पाचवी एक गोष्ट याच कागदावर लिहा, भार. चांगल्या चाकाच्या पाठीवर ते किती किलो पेलतं हे कोरलेलं असतं. गाडीच्या कागदपत्रातलं एकूण कमाल वजन घ्या, त्याचा चौथा हिस्सा करा. पण पुढच्या आसावर इंजिनचा आणि ब्रेकचा भार जास्त येतो, म्हणून त्याहून बरीच जास्त क्षमता हवी. १४०० किलोच्या गाडीचा चौथा हिस्सा ३५० होतो. मी अशा गाडीला ४५० पेक्षा कमी क्षमतेचं चाक बसवणार नाही. आकडाच नसेल तर ते चाक घेऊ नये असं माझं मत आहे.

आता दुकानात. फौजेत रोज सकाळी गाडी बाहेर पडण्याआधी फर्स्ट परेड होते. ड्रायव्हर ठरलेल्या क्रमाने गाडी तपासतो, मनाला येईल तसं नाही. क्रम मोडला की काहीतरी राहतं. माझं तेच झालं होतं. म्हणून हा क्रम पाठ करा.

एक. टायर उतरवायला सांगा. विक्रेता नाही म्हणाला तर उतरवण्या-चढवण्याचे पैसे मी देतो म्हणा. तरीही नाही म्हणाला तर विषय संपला. त्याला काहीतरी माहीत आहे, किंवा त्याला माहीत करून घ्यायचं नाही. दोन्ही आपल्या कामाचं नाही.

दोन. चाक धुवा. ब्रेकची काळी धूळ आणि चिखल यांच्याखाली तडा लपतो. साबण, ब्रश आणि पाणी पुरे.

तीन. चाक पालथं करा आणि आधी पाठ पाहा. समोरची बाजू रस्त्यावरच्या लोकांसाठी असते. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या कडेला बसतो, कारण बाहेरच्या बाजूला आऱ्यांचा आधार असतो आणि आतली कड मोकळी असते. टॉर्च तिरपा धरून आतल्या कडेवरून सावकाश फिरवा. मागून बोटही फिरवा. केसासारखी रेघ दिसली तर ओरखडा आहे का तडा, हे नखाने पाहा. शंका राहिली तर चाक बाजूला ठेवा. मग आऱ्या जिथे रिमला मिळतात ते कोपरे आणि नटांच्या भोकांभोवतीचा भाग पाहा.

चार. सपाट फरशीवर चाक आतल्या कडेवर ठेवा आणि दाबून पाहा. डुगडुगलं तर कड वाकलेली आहे. मग बॅलन्सिंगच्या मशिनवर नुसतं रिम चढवून हळू फिरवायला सांगा. एक पेचकस मशिनच्या टेकूवर घट्ट धरा, टोक कडेपासून केसभर दूर. चाक फिरताना फट कमी-जास्त होते का पाहा, वरखालीही आणि आत-बाहेरही. मी एक मिलिमीटर ही माझी मर्यादा धरली आहे. जुन्या चिकटवलेल्या शिशाच्या वजनांकडेही लक्ष द्या. एकाच जागी शंभर ग्रॅमच्या आसपास वजनं लावली असतील तर त्या चाकाची काहीतरी कहाणी आहे.

पाच. नटांची भोकं. ती गोल हवीत. लांबट झाली असतील तर चाक कधीतरी ढिल्या नटांवर चाललेलं आहे. नट टेकतो ती जागा शंकूसारखी आहे की वाटीसारखी, तेही पाहा. शंकूच्या जागेत शंकूचाच नट, वाटीत गोल बुडाचाच. होंडाच्या मूळ नटांची बुडं गोल असतात आणि आफ्टरमार्केट चाकं बहुतेक शंकूची, त्यामुळे तिथे हमखास गोंधळ होतो. चुकीचा नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धातूला फक्त एका रेघेवर टेकलेला असतो.

सहा. रंग. छावणीत मोठा अधिकारी तपासणीला यायचा असला की आदल्या दिवशी झाडांना गेरू आणि दगडांना चुना लागायचा. तपासणारा जुना असेल तर ताज्या चुन्याच्या मागे जाऊन बघायचा. चाकाचंही तसंच. जुन्या चाकावर ताजा रंग दिसला की कारण विचारा. नटांच्या भोकात, व्हॉल्व्हच्या भोकात आणि आतल्या कडेवर रंग पोचला असेल तर सगळं चाक रंगवलेलं आहे. नटाच्या बैठकीत जाड रंग असेल तर तो चालताना दबतो आणि नट ढिला पडतो. बाहेरच्या कडेला फुटपाथचे ओरखडे असलेलं, न रंगवलेलं, मळकं चाक मला रंगवलेल्या चाकापेक्षा जास्त आवडतं. त्याने काही लपवलेलं नसतं.

सात. वेल्डिंगची खूण. रिमच्या आतल्या अंगावर, जिथे टायर झाकतो तिथे, घासल्याच्या आडव्या-उभ्या रेघा किंवा उंचवटा लागला तर ते चाक परत द्या. बाहेरच्या कडेचा लहान टवका भरणं वेगळं. तडा जोडणं वेगळं.

वाजवून बघण्याबद्दलही सांगतो, कारण सगळे तेच करतात. सुतळीने चाक टांगून लाकडी दांड्याने टोला दिला तर चांगलं चाक घंटेसारखं घुमतं आणि तडकलेलं बद्द वाजतं. पण लहान तडा असतानाही चाक छान घुमू शकतं. बद्द वाजलं तर नाकारा, घुमलं म्हणून स्वीकारू नका. मी बोटाने वाजवून स्वीकारलं होतं.

महागाचा संच असेल आणि मनात शंका असेल, तर डाय पेनिट्रंटची चाचणी करून घ्या. भिलाईचा पोलाद कारखाना शेजारी असल्याने आमच्याकडे ही चाचणी माहीत असलेले वेल्डिंगचे कारागीर मिळतात. तीन फवारण्यांचे डबे असतात. पहिल्याने जागा साफ करायची, दुसऱ्याने लाल रंग मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कापडाने पुसायचं आणि तिसऱ्याने पांढरा थर द्यायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मात्र त्या जागेचा चाकाचा रंग आधी खरवडावा लागतो, नाहीतर लाल रंग तड्यात शिरतच नाही.

शिक्क्यांबद्दल. चाकावर जेडब्ल्यूएल असेल तर ते जपानच्या हलक्या चाकांच्या मानकाचं चिन्ह. आपल्याकडे २०२० साली केंद्र सरकारने चाकांच्या रिमसाठी बीआयएसचं प्रमाणन सक्तीचं करणारा आदेश काढला, त्यामुळे नंतरच्या चाकांवर आयएसआयची खूण शोधा. पण शिक्का चाकाचा जन्म सांगतो. पुढे ते किती खड्ड्यांत गेलं, हे शिक्का सांगत नाही.

टायर सोबत येत असतील तर त्यावरचा चार आकड्यांचा कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी टायर म्हातारा असू शकतो. बाजूला फुगवटा असेल तर ज्या खड्ड्याने टायर फुगवला, त्यानेच रिमही मारलेलं असणार. व्यास वाढवायचा असेल तर टायरची एकूण उंची तेवढीच ठेवा. १८५/६५ आर १५ ची उंची सुमारे ६२१ मिलिमीटर, १९५/५५ आर १६ चीही जवळपास तेवढीच. हा हिशेब जुळला नाही तर स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो.

बिल मागा. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, चाकांचे फोटो. रात्रीतून विटांवर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. ती चाकं कुठेतरी विकलीच जातात. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो घेणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. भाव फारच कमी असेल तर ते एक कारणच समजा. आणि चाकं बदलल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा.

बसवताना नट हाताने सुरू करा, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि शेवटी टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. मशिनगनसारख्या आवाजाच्या हवेच्या पान्यावर सोडू नका. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. स्टेपनी पोलादीच राहिली असेल तर तिचे मूळ नट डिकीत पिशवीत ठेवा. रात्री केशकालच्या घाटात पंक्चर झाल्यावर नट बसत नाहीत हे कळून उपयोग नसतो.

आता त्या संचाचं काय झालं ते सांगतो. मी विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहब, हमको भी ऐसे ही मिला था." खरंही असेल. पैसे परत मिळाले नाहीत. बाकीची तीन चाकं उतरवून पाहिली, त्यातलं एक आतून वाकलेलं होतं. लेकीच्या गाडीला तिची पोलादी चाकं पुन्हा चढवली, वर प्लास्टिकच्या टोप्या. तिला काही फरक पडला नाही. हौस माझीच होती.

ओळखीच्या एकाने सुचवलं, "कर्नलसाहेब, पुन्हा वेल्डिंग करून रंग मारा आणि काढून टाका. निदान अर्धे पैसे सुटतील." मंडळी, खोटं नाही सांगत, क्षणभर विचार आला. रक्कम लहान नव्हती. मग लक्षात आलं, माझ्याआधीच्या कुणीतरी हाच विचार केला होता. तडा त्याला दिसला होता. त्याने तो भरला, रंगवला आणि पुढे ढकलला, आणि तो माझ्या नातवाखाली येऊन थांबला. मी पुढे ढकलला असता तर आणखी कुणाच्या नातवाखाली गेला असता.

मी ते चाक ग्राइंडरने मधोमध कापलं आणि भंगारात दिलं. वाकलेलंही तसंच. उरलेल्या दोन चांगल्या चाकांच्या पाठीवर पक्क्या रंगाने तारीख आणि "तपासले" असं लिहून ठेवलं आहे. कुणाला हवी असतील तर टायर उतरवून, पाठ दाखवून देईन.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा पाठ पाहा. आणि विकायला निघाल तेव्हा विचारायची वाट न पाहता पाठ दाखवा. बाजार सुधारायचा तर एवढं आपल्या हातात आहे.

सांभाळून चालवा. जय हिंद.